कमानीचा नारळ

संस्थान होतं टीचभर. सकाळी न्याहारी करून निघालेला माणूस दुपारच्या भाकरीला परक्या मुलखात पोचायचा. पण त्या संस्थानानं कचेरी बांधली ती अशी, की साताऱ्याहून सांगलीला जाणारे लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. काळ्या दगडाचं जोतं, ताशीव भिंती, वर मंगळुरी कौलं आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. साहेब आला तर त्याला विलायत आठवावी म्हणून खिडक्या टोकदार आणि रंगीत काचांच्या. आणि आपले वाडवडील लढवय्ये होते हे महाराजांना आठवावं म्हणून दोन्ही कोपऱ्यांना बुरूज. त्या बुरुजांवरून कधी एक गोळी सुटली नाही. वसुलीचे कारकून तिथं बसून बिड्या ओढायचे.

या सगळ्या थाटाच्या तोंडाशी मोठी दगडी कमान होती. हत्ती अंबारीसकट आत जाईल एवढी उंच. संस्थानाकडं हत्ती नव्हता, ही गोष्ट वेगळी.

हरणाबाई त्या कमानीखालून जन्मात कधी गेली नव्हती. तिचा नवरा, अर्जुना गवंडी, ती कमान बांधताना तिच्याच दगडांखाली मेला होता.

दगडाची कमान रचायची तर खालून लाकडी साचा द्यावा लागतो. गवंडी त्याला कालबूत म्हणतात. दगडांमधला चुना नीट धरला, की पाचरी काढून कालबूत उतरवायचं. ओल्या चुन्यात उतरवलं तर कमान डोक्यावर येते, हे गवंड्याच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं. तरी अर्जुनानं ते उतरवलं. कुणाला विचारलं नाही, उगाच घाई केली, हात चुकला. दरबारानं असं सांगितलं आणि गावानं ते मानलं. दरबारानं सांगितलेलं न मानायची गावाला सवय नव्हती.

अर्जुनाचा जोडीदार कुतुबुद्दीन तेव्हा मोहरमला मिरजेला बहिणीकडं गेला होता. तो परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं. “अर्जुनाचा हात चुकायचा न्हाई,” असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. पण तो तिथं नव्हताच, तर त्याचं कोण ऐकणार? शेवटी त्यानं तोंड मिटलं आणि पडलेली कमान पुन्हा उभी केली. आज उभी आहे ती त्याची.

महाराज मात्र दिलदार. चूक गवंड्याची असूनही त्यांनी हुकूम दिला, की दर दसऱ्याला कचेरीत शस्त्रपूजा झाली की पहिला नारळ अर्जुनाच्या बायकोला. विधवेला पहिला मान म्हटल्यावर उपाध्ये कुरकुरले. मग त्यावर तोड निघाली. मान द्यायचा, पण पायऱ्यांच्या खाली, कमानीच्या बाहेर. तेव्हापासून हरणाबाई दर दसऱ्याला धुवट लुगडं नेसून पायऱ्यांखाली उभी राहायची, पट्टेवाला वरून येऊन तिच्या पदरात नारळ टाकायचा आणि ती कमानीला हात जोडून घरी जायची.

पण नारळानं गावाचं तोंड थोडंच बंद होतं? कुणाच्या हातून तांब्या निसटला, कुणाचं जू मोडलं, कुणी बाजारात फसून आला, की लोक म्हणायचे, “झाला का अर्जुना!” आधी दबून म्हणायचे, पुढं हसून म्हणायला लागले. पुढं पुढं तर हा अर्जुना कोण होता हे ठाऊक नसलेली पोरंसोरंही म्हणायला लागली. हरणाबाईच्या मुलानं, हंबीररावानं, बापाची थापी हातात घेतली तर त्याला कुणी साधा ओटाही बांधू देईना. “बाबा रं, आमाला घर पायजे, अर्जुना नगं,” असं तोंडावर सांगायचे. तो कंटाळून लोणंदला गेला आणि स्टेशनावर हमाली करू लागला. गावाचं नाव काढलं तरी त्याचं डोकं भडकायचं.

आणि खरं सांगायचं तर खुद्द हरणाबाईलाही नवऱ्याचा राग यायचा. भाकरी थापता थापता ती एकटीच पुटपुटायची, “कशापायी येवढी गडबड केलीसा? कोन तुमच्या मागं लागलं हुतं?” तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती त्याच्याशी भांडायची.

स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं. महाराज पुण्याला बंगल्यात राहायला गेले. सांगलीला नव्या जिल्ह्याचं ठाणं झालं, त्याचं नाव दक्षिण सातारा, आणि आमच्या कचेरीत साताऱ्याहून एक मामलेदार आला. माणूस तरुण, खादी वापरणारा, गोड बोलणारा. त्याला इमारतीचा भारी अभिमान. त्यानं ठरवलं, की या दसऱ्याला कमानीच्या बगलेत संगमरवरी शिळा बसवायची, तीवर इमारतीची हकिकत आणि बांधणाऱ्यांची नावं कोरायची, आणि ज्यांनी ही कचेरी बांधली त्या संस्थानच्या जुन्या इंजिनेरांचा, रावसाहेबांचा, सत्कार करायचा. रावसाहेब पेन्शन घेऊन सांगलीत राहत होते. वय झालं होतं, पण आवाज अजून खणखणीत होता.

मामलेदारानं हरणाबाईला बोलावून घेतलं.

“आजी, नव्या सरकारात असले मान बसत नाहीत,” तो म्हणाला. “यंदाचा नारळ शेवटचा. पण तो मी स्वतः देईन, पट्टेवाला नाही.”

नारळ देणं म्हणजे माणसाला वाटेला लावणं, हे गावाला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी पारावर हशा पिकला, की म्हाताऱ्या हरणाबाईला सरकारनं नारळ दिला.

हरणाबाईला त्याचं काही वाटलं नाही. नारळ काय, आज आहे उद्या नाही. तिचा जीव अडकला होता तो शिळेत.

“साहेब, त्या दगडावर आमच्या मालकांचं नाव घाला की,” ती म्हणाली. “एका वळीत. कोपऱ्यात घाला. पर घाला.”

मामलेदार हसला. वाईट हसला नाही, समजूत घातल्यासारखं हसला.

“आजी, ज्याच्या हातून कमान पडली, त्याचं नाव कमानीवर कसं घालायचं? लोक काय म्हणतील?”

हरणाबाई उठली आणि मागच्या दारानं निघून आली.

दसऱ्याला कचेरीसमोर मांडव पडला. कमानीखाली, पायऱ्यांच्या वर, खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत रावसाहेब बसले होते, डोक्याला पगडी आणि गळ्यात झेंडूचा हार. शिळेवर पिवळा पडदा टाकला होता. हरणाबाई नेहमीप्रमाणं पायऱ्यांखाली, पुढं बसली होती. कुतुबुद्दीन मागं मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपली कमान बघायला माणसाला आमंत्रण कशाला लागतं?

पडदा सरकला. शिळेवर महाराजांचं नाव होतं, दिवाणांचं होतं, रावसाहेबांचं होतं. टाळ्या वाजल्या. मग रावसाहेब बोलायला उठले.

सुरुवातीला ते दगडाबद्दल बोलले. कुठल्या खाणीचा, किती खोल पाया, मनोरा किती उंच, रंगीत काचा मुंबईहून बैलगाडीनं गवतात गुंडाळून कशा आणल्या, त्यातली एकही कशी फुटली नाही. लोक जांभया देऊ लागले. रावसाहेब जुने वक्ते, त्यांच्या ते ध्यानात आलं.

“आता तुम्हाला एक गंमत सांगतो,” ते म्हणाले. “ही कमान तुम्ही बघता ना? ही दुसरी! पहिली पडली. कशी पडली? तर पोलिटिकल एजंटसाहेबांची स्वारी ठरल्याच्या आधी येणार, असा निरोप आला. महाराजांचा हट्ट, साहेब कमानीखालूनच आत आला पाहिजे. कमान तर तयार, पण खाली सगळं लाकडांचं जंगल! आणि चुना ओला. मी गवंड्याला म्हटलं, उतरव कालबूत. तो म्हणतो, नाही उतरवत. हात जोडतो, पाया पडतो, रडतो. मी म्हटलं, अरे, इंजिनेर तू की मी?”

रावसाहेब थांबले. मांडव आता जागा झाला होता.

“उतरवलं मग. आणि साहेबाच्या आधी कमानच आली की हो खाली!”

मांडवात हशा उसळला. रावसाहेब स्वतःही पोट धरून हसले. “पण आम्ही खचलो नाही,” ते पुढं म्हणाले. “साहेबाला नेला मागच्या दारानं, आणि पावसाळ्याच्या आत दुसरी कमान उभी केली!” पुन्हा टाळ्या. रावसाहेब खाली बसले.

हरणाबाईला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. हात जोडतो, पाया पडतो, रडतो, एवढंच तिच्या कानात राहिलं. अर्जुना रडला होता. ज्या माणसाला ती चुलीपुढं बसून आयुष्यभर बोल लावत आली, तो माणूस रडला होता, पाया पडला होता, आणि तरी त्याला त्या लाकडांखाली धाडलं होतं. कोण मागं लागलं होतं, हे ती त्यालाच विचारत राहिली. आणि ज्याला विचारायचं तो सांगलीत पेन्शन खात होता. तिला नवऱ्याची दया आली, स्वतःची शरम वाटली, आणि मग सगळ्यांवर मिळून संताप आला. नारळाचाही अर्थ तिला आत्ता कळला. तो मान नव्हता. तोंडात घातलेला बोळा होता.

तिनं मामलेदाराकडं पाहिलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. त्याला कळलं होतं. खुर्च्यांवरच्या माणसांत त्याला एकट्याला कळलं होतं.

तो घाईघाईनं पायऱ्या उतरला आणि नारळ तिच्या पदरात घालून पुटपुटला, “आजी, घ्या आणि जावा आता.”

हरणाबाई गेली नाही. नारळ घेऊन ती पायऱ्या चढली. जन्मात पहिल्यांदा ती कमानीखाली जाऊन उभी राहिली. उपाध्ये तोंड उघडून बघत राहिले.

“साहेब,” ती रावसाहेबांना म्हणाली, “त्या गवंड्याचं नाव काय हुतं वो?”

रावसाहेबांनी कानाला हात लावला. तिनं पुन्हा विचारलं.

“नाव?” ते हसले. “आता इतक्या वर्षांनी कसं आठवणार, बाई? माणसं पुष्कळ होती कामाला.”

“अर्जुना,” हरणाबाई म्हणाली. तिनं नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला. “घ्या. तुमाला नारळ.”

तेवढ्यात मामलेदार पुढं झाला. घसा खाकरून, आवाज चढवून तो म्हणाला, “पाहा, मंडळी! याला म्हणतात मोठं मन! नवऱ्याच्या हातून चूक झाली, तरी या माउलीनं आज आपला मान रावसाहेबांच्या चरणी वाहिला!” आणि टाळ्या वाजवायला त्यानंच सुरुवात केली.

मग काय विचारता! सगळा मांडव टाळ्या पिटू लागला. ताशेवाल्यांना वाटलं कार्यक्रम संपला, त्यांनी ताशा धरला. रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी नारळ कपाळाला लावला. हरणाबाई काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण ताशापुढं ऐकू काय येणार? शेवटी कुतुबुद्दीन वर आला आणि तिला दंडाला धरून खाली घेऊन गेला. टाळी न वाजवलेला तेवढा एकच माणूस होता.

मांडवाच्या कडेला ती टेकली. माणसं पांगली.

“तुमी सांगत हुता, भावजी,” ती म्हणाली. “हात चुकायचा न्हाई म्हनून. म्याच न्हाई ऐकलं.”

कुतुबुद्दीन कमानीकडं बघत होता. “वयनी, आज समद्यांनी ऐकलं,” तो म्हणाला. “त्या इंजिनेराच्या तोंडनंच ऐकलं.”

“ऐकलं आन हसली.”



पट्टेवाले मांडव सोडत होते. एकाच्या हातून वासा निसटला आणि खुर्चीवर आदळला. खुर्चीचा पाय मोडला. दुसरा खदखदून हसला आणि ओरडला, “झाला का रं अर्जुना!”

कुतुबुद्दीन ताडकन वळला. म्हातारा असला तरी त्याची मूठ गवंड्याची होती. हरणाबाईनं त्याची बाही धरली.

“ऱ्हाऊ द्या, भावजी,” ती म्हणाली. “दगडावर नाव न्हाई घातलं त्येंनी. तोंडात तरी ऱ्हाऊ द्या.”