दोरा बांधलेली कळी

"ती नको गं, कच्ची आहे अजून," खिडकीबाहेरून माळी म्हणाला. "ही बघ, ही टपोरी घे."

"मला तीच हवी," आतून, वॉर्डातल्या खाटेवरून त्याची बायको म्हणाली. "टपोरी कळी काय, कुणासाठीही उमलते. बावीस वर्षं लोकांना बनवलंत, आता मलाही बनवता होय?"



इस्पितळाच्या त्या भिंतीवर कृष्णकमळाचा वेल त्यानेच चढवला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाईक देव पाण्यात घालून बसलेले असत. माळी त्यांना वेलापाशी नेई. "या फुलात मधोमध देव असतो आणि भोवती शंभर माणसं हात जोडून उभी. त्यातलंच एक तुम्ही," असं सांगून एका कळीला पांढरा दोरा बांधी. उद्या ती उमलली, की गाऱ्हाणं पोचलं. आणि कळी उमलायचीच, कारण उद्या कुठली उमलणार हे त्याच्या बोटांना कळायचं. लबाडीच ती. पण माणसं त्या रात्री झोपत, एवढं पुण्य त्याला पुरे होतं.

बायकोने निवडलेली कळी बोराएवढी, हिरवीगार होती. आठ दिवस तरी ती हलणार नव्हती आणि तिचं ऑपरेशन उद्या अकराला होतं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, निम्मीच आशा धरा. तरी त्याने तिलाच दोरा बांधला.

सकाळी वेलापाशी आला तेव्हा हिरवी कळी होती तशीच होती.  स्वतःच रचलेली गोष्ट, तिला मनात स्वतःच हसलेला, आणि आता तिचाच धाक त्याला वाटत होता. त्याने दोरा सोडला आणि शेजारच्या टपोऱ्या कळीला बांधला. दहाच्या सुमारास ती उमलली.

"उमलली गं! बघ, बघ!" तो खिडकीतून ओरडला.

बायकोने फुलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काल वरच्या पानाआड होती. रात्रीतून खाली उतरली वाटतं?"

"अगं..." त्याला रडूच फुटलं. "मला भीती वाटली गं. फार भीती वाटली."

"वेडेच आहात," ती म्हणाली. वॉर्डबॉय तिला स्ट्रेचरवर घेत होता. "माझी ती हिरवीच हं. ऊन लागू देऊ नका तिला."

कृष्णकमळाला उन्हाचं काही होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि त्या कळीवर धरली. अकरा वाजले, बारा वाजले, दीड वाजला. हात भरून आला, की तो हात बदली.

"माळीदादा," मागून सिस्टरांनी हाक मारली. मग थोडं थांबून पुन्हा, हळूच, "माळीदादा..."

त्याने ऐकलं. पण वळलं तर टोपी हलेल, कळीवर ऊन येईल, म्हणून तो वळला नाही.