स्टोअरकीपरला न विचारता

महिपतरावांनी परवापासून अन्न सोडलं होतं. दोष कुठल्या देवाचा नव्हता, जवळच्या कॅम्प चार वस्तीतल्या मित्राने पाठवलेल्या व्हिडिओचा होता. उपास केला की पेशी आपल्यातलाच कचरा खातात आणि हृदय नव्यासारखं होतं. त्याला म्हणे ऑटोफॅजी म्हणतात.

"ऑटोफजिती!" गोदूबाई नवऱ्यावर करवादल्या. "माझी भाकरी गिळवत नाही, आणि निघालेत स्वतःला खायला."

सून किर्ती हसली, पण तिचा डोळा गोळ्यांच्या पाकिटाकडे गेला. पालेगावच्या त्या दोन खोल्यांत लेकीला कडेवर घेऊन ती दिवसभर काही ना काही तपासत असायची: ताप, शी, गॅसचं बटण. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दोन जास्त उरल्या होत्या. सासऱ्यांना स्टेंट बसून जेमतेम तीन महिने झाले होते.

"बाबा, गोळी?"

"'जेवणानंतर' लिहिलंय," महिपतराव शांतपणे म्हणाले. "जेवणच नाही, तर नंतर कुठून येणार?"

गोळी चुकली की स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे किर्तीला माहीत होतं. तिने डॉक्टरांना फोन लावला. "आजची लगेच द्या, दुप्पट नको, आणि घेऊन या त्यांना," ते म्हणाले. सासरे मात्र हटेनात. रिकाम्या पोटी गोळी नियमाबाहेर, आणि उपास तर मोडायचाच नाही.

तिची एम.एस्सी. आता लसींच्या तारखा वाचण्यापुरती उरली होती. ती तिने बाहेर काढली.

"बाबा, कारखान्यात तुम्ही कोण होता?"

"स्टोअरकीपर. एकतीस वर्षं."

"मागणीचिठ्ठी आली की?"

"आधी नामंजूर!"

"पेशीतही तसेच बसलेत. मायक्रोआरएनए. 'कचरा खाणारी यंत्रं बनवा' अशी जनुकाची चिठ्ठी निघते, आणि हे टिचभर रेणू ती मध्येच अडवतात. भंगारवाला मोकाट सुटला तर चालता पंखाही उचलून नेतो ना? आजारी हृदयात कोणी जास्तच नामंजूर करतो, कोणी झोपा काढतो."

"माझ्यात कोण झोपलाय?"

"ते अजून शास्त्रज्ञांनाही धड सांगता येत नाही. आणि तुम्ही खुशाल स्टोअरकीपरला न विचारता गोदाम उघडून बसलात!"

महिपतराव ताठ झाले. एकतीस वर्षांत हा प्रकार एकाच साहेबाने केला होता. महिपतरावांनी त्याच्याशी अबोला धरला, आणि साहेब वारल्यावरही तो सोडला नव्हता.

"छे! सगळं रीतसर पाहिजे," ते म्हणाले. "अगं ए, वाढ."

गोदूबाईंनी भाकरी आणि वाल वाढले, टोमणे तोंडी लावायला. दुसऱ्याच घासाला किर्तीने गोळी पुढे केली.

"जेवण तर संपू दे, सूनबाई."

"बाबा, गिळा!"

आवाज असा चढला की कडेवरच्या लेकीने दचकून आ वासला. महिपतरावांनीही. गोळी आत गेली. घोट उतरेपर्यंत किर्ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली, मग लेकीच्या तोंडात काही गेलं नाही ना ते बोट घालून पाहिलं, आणि डॉक्टरांकडे निघायला चपला शोधू लागली.