बुडबुड्याची उडी

मी एक जुना पोशाख आहे. साधासुधा नाही, पाणमांजराचा. मोठं गोल डोकं, तपकिरी लोकर, पोटावर पांढरा ठिपका आणि मागे जाडजूड शेपूट. ज्या चित्रपटातून मी आलो त्यात माझं नाव बुडबुड्या. चित्रपट अर्थातच कार्टूनचा. त्यावरून एक मोठी बाग उभी राहिली. तिच्यात होड्यांची सफर आहे, खोटे खडक आहेत, खोटी नदी आहे आणि खरी तिकिटं आहेत. त्या बागेत मी नोकरीला आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला मिठी मारली असेल, तर मी तुम्हाला ओळखतो. आणि खरं सांगू का, मला तुमचाही थोडा संशय आला होता. तुमचे हात चिकट होते.

मी जन्मापासून असा नव्हतो. एका मोठ्या शिवणघरात चार जणींनी मिळून मला शिवलं. त्यांतली एक वयस्कर कारागीर मला उलटसुलट करून म्हणाली होती, "आत एक छोटा पंखा बसवा हो. माणूस उकडून निघेल." मला न्यायला आलेला माणूस म्हणाला, "पंख्याचा आवाज येतो. मुलांना कळेल आत कुणीतरी आहे." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या आत कुणीतरी असणार आहे, आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही. ज्याच्या पोटात गुपित, त्याला झोप कुठली?

त्यात पहिल्याच वर्षी जो माणूस मला घालायचा, त्याने उपाहारगृहातले चमचे माझ्या पोटात लपवून पळवायला सुरुवात केली. मी चालताना छुनछुन वाजायचो आणि मुलं टाळ्या पिटायची. त्यांना वाटायचं, बुडबुड्याने घुंगरू बांधलेत. तो पकडला गेला, पण झडती माझी झाली. तेव्हापासून जो कुणी माझी चेन उघडून आत पाय घालतो, त्याला मी आधी नीट हुंगून घेतो. दुधाने तोंड पोळलं की माणसं ताकही फुंकून पितात. मी तर लोकर आणि स्पंज. मी फुंकणारच.

मग थोरली आली, दोघी बहिणींतली मोठी. तिचं नाव मला माहीत आहे, पण बागेत आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही असा नियम आहे, आणि मी नियमाचा पक्का आहे. माझं माप लहान, म्हणून बुटकं माणूस लागतं. थोरली तशी होती. तिच्यावरही मी डोळा ठेवला. पण तिने काय करावं? घरी जाऊन तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला आणि कपडेपटाच्या खोलीत आरशासमोर बुडबुड्याची चाल घोटवली. तो आधी पोटावर थापटी मारतो, मग मान तिरकी करतो, मग चालतो. कुणी आपल्या नाकावर दोनदा बोट आपटलं, तर लाजून दोन्ही पंज्यांनी डोळे झाकतो. आणि शेवटच्या गाण्यात उंच खडकावरून नदीत उडी मारतो. आमच्या रंगमंचावर खडक म्हणजे तीन लाकडी पायऱ्या आणि नदी म्हणजे निळी गादी. थोरली ती उडी दर खेळाला मारायची. पहिली काही वर्षं मुलं अशी किंचाळायची, की मलाच वाटायचं आपण खरंच पाणमांजर आहोत.

कपडेपट सांभाळायची मावशी. ती मला साबणाने धुवायची, उलटं टांगून वाळवायची आणि कोपराला टक्कल पडलं की शेपटीची लोकर काढून तिथे लावायची. शेपूट त्यामुळे जरा रोडावलीय. मावशी म्हणायची, "इकडचं काढून तिकडे लावायचं, आयुष्य काय वेगळं असतं का रे?" मी उत्तर द्यायचो नाही. उत्तर दिलं की लोक पुढचं विचारतात.

आता मी तिच्याकडे वळतो, जिच्यामुळे मला हे सगळं सांगावंसं वाटलं. बागेतली माणसं तिला भिंगबाई म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि दर रविवारी एकटी बागेत यायची. सोबत मूल नाही, भाचा नाही, कुणी नाही. डोक्यावर टोपी, टोपीवर चित्रपटातल्या सगळ्या प्राण्यांचे बिल्ले. पहिल्या रांगेत बसायची आणि गाण्याचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायची. मोठं माणूस कार्टूनसाठी एवढं वेडं का होतं, हे कोडं मला सुटेना. सुटलं नाही की मी संशय घेतो. नक्कीच ही दुसऱ्या कुठल्यातरी बागेने पाठवलेली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तिची नजर भलती तीक्ष्ण. नदीच्या देखाव्यातला हिरवा रंग चित्रपटातल्या हिरव्यापेक्षा पिवळट आहे, हे तिने सांगितलं. नावाड्याच्या टोपीची पिसं उलट्या बाजूला आहेत, हेही तिनेच. आणि एकदा ती साहेबांना, म्हणजे बागेच्या मुख्य माणसाला म्हणाली, "कासवाचे डोळे निळे हवेत. तुमचे काळे आहेत." साहेबांना चाहत्यांचा फार धाक. त्यांनी कासवाचा पोशाख अडगळीत टाकला, आणि कासवाच्या आत काम करणारा माणूसही त्याबरोबर बाहेर पडला. तेव्हापासून ती पहिल्या रांगेत दिसली की माझ्या पाठीवरची लोकर ताठ व्हायची.

इकडे थोरलीचा गुडघा बिघडला. रोज तीच उडी, तीच गादी. गादीतला कापूसही दबून दगड झाला होता. तिने कुणाला सांगितलं नाही. माकडाच्या पोशाखातला माणूस पाठ दुखते म्हणाला आणि आठवडा उलटायच्या आत त्याच्या जागी दुसरा आला, हे तिने पाहिलं होतं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. धाकट्या बहिणीची बेकरीतली नोकरी नुकतीच गेली होती. शेवटी दोघी बहिणींनी आणि मावशीने मिळून एक बेत केला. धाकटी ताईला डबा द्यायच्या निमित्ताने यायची, मावशी दार लावायची, आणि माझ्या आत शिरायची ती धाकटी. थोरली तोवर कपड्यांच्या ढिगामागे गुडघ्याला शेक देत बसायची. माझं डोकं चढवलं की आत कोण, हे देवालाही कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला मात्र विचारलं कुणी? नवं अंग आत शिरलं की मला आधी घाम फुटतो. धाकटी चपळ होती, नाच तर थोरलीपेक्षा सरस करायची. पण तिने तो चित्रपट कधी पाहिलाच नव्हता! तिला कार्टूनचा कंटाळा. ती म्हणायची, "ताई, लोकरीचा गोळा नाचतोय, मुलं खूश आहेत. अजून काय पाहिजे?"

एका रविवारी खेळानंतर मुलं फोटो काढत होती. भिंगबाई रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने फोन खिशात ठेवला, माझ्यासमोर उभी राहिली आणि आपल्या नाकावर दोनदा बोट आपटलं. धाकटीला काय ठाऊक? तिने आनंदाने टाळी द्यायला पंजा पुढे केला. भिंगबाई एक पाऊल मागे सरकली. माझ्या तोंडाच्या जाळीतून आतलं माणूस बाहेर बघतं, तिथे डोळे लावून ती हळूच म्हणाली, "तू तो नाहीस. तो कुठे आहे?"

धाकटीचं काळीज माझ्या अस्तरावर धडधडलेलं मला कळलं. त्यानंतर भिंगबाई कपडेपटाच्या मागच्या दाराशी घुटमळताना दोनदा दिसली. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही आता सगळं साहेबांच्या कानावर घालणार, थोरलीची नोकरी जाणार आणि मी कासवाशेजारी जाऊन पडणार.

आणि तेवढ्यात चाहत्यांचा दिवस तोंडावर आला. दर वर्षी साहेब जुन्या चाहत्यांना रंगमंचावर बोलावतात आणि सगळ्यांसमोर विचारतात, चित्रपटासारखं सगळं आहे ना? या वर्षी त्यांनी भिंगबाईला बोलावलं. बातमी आणली मावशीने. कपडेपटात मी खुंटीला उलटा टांगलेला होतो, त्यामुळे तिघी मला उलट्या दिसत होत्या, पण भीती सरळच दिसत होती.

"उद्या मीच जाते," थोरली म्हणाली.

"अगं, गुडघा बघ आधी. भोपळा झालाय त्याचा," मावशी म्हणाली.

"ताई, मला दाखव ना सगळं. मी शिकते," धाकटी रडकुंडीला आली.

"एका संध्याकाळीत नाही गं येत ते. तिला कळणार. तिने विचारलं आणि तू चुकलीस, तर तुझं नाव, माझं नाव आणि मावशीचंही बाहेर येईल. त्यापेक्षा एक उडी मारेन मी. एकच तर आहे."

दुसऱ्या दिवशी मावशीने तिच्या गुडघ्याला पट्टी बांधली आणि वर माझा पाय चढवला. किती दिवसांनी थोरली आत आली होती! मी हुंगलं नाही. तिला मलम लावलेलं होतं, त्याचाच वास सगळीकडे भरला.

रंगमंचासमोर मुलांची ही गर्दी. साहेबांनी भिंगबाईला वर बोलावलं, तिच्या टोपीचं कौतुक केलं. ती हसलीसुद्धा नाही. सरळ माझ्यासमोर आली आणि नाकावर दोनदा बोट आपटलं. थोरलीने मान खाली घातली आणि दोन्ही पंज्यांनी डोळे झाकले. पंज्यांच्या फटीतून मी पाहिलं. भिंगबाईचा चेहरा असा उजळला, की तिचं वय निम्मं झालं. "आलास!" एवढंच ती म्हणाली. मला बरं वाटलं आणि लगेच संशयही आला. आनंदात माणूस जास्त बोलतो.

गाणं सुरू झालं. पोटावर थापटी, तिरकी मान, चाल. सगळं ठीक चाललं होतं. मग शेवटचं कडवं आलं आणि पायऱ्या आल्या. पहिली पायरी थोरली चढली. दुसरीवर गुडघा लचकला. तिने कठडा धरला. मुलांना वाटलं, बुडबुड्या गंमत करतोय. सगळे हसले. भिंगबाई हसली नाही. ती माझ्या गुडघ्याकडे बघत होती. आत थोरली दात घट्ट आवळून श्वास घेत होती आणि पुटपुटत होती, "एकच, एकच." तिसरी पायरी. समोर निळी गादी. मुलं मोठमोठ्याने आकडे मोजू लागली.

भिंगबाईने साहेबांच्या हातातून माईक घेतला.

"थांबा. इथे एक चूक आहे."

गाणं बंद झालं. झालं, मी म्हटलं, आता आपला मुक्काम अडगळीत.

"चित्रपटात बुडबुड्या इथून उडी मारत नाही," भिंगबाई म्हणाली.

मी बहिरा झालो की काय असं मला वाटलं. साहेब गोंधळले. "अहो, पण आम्ही तर पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून चुकतंय तुमचं. तो खडकाच्या कडेला बसतो. पाण्यात पाय सोडून. गाणं संपेपर्यंत बसून राहतो."

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. हिरव्या रंगात पिवळा ओळखणाऱ्या बाईला खोटं कोण पाडणार? पहिल्या रांगेतली एक चिमुरडी मात्र उभी राहून ओरडली, "नाही! तो उडी मारतो! मी पाहिलंय!"

भिंगबाईचे कान लाल झाले. ती चाचरत म्हणाली, "परत बघ हं बाळा. नीट बघ."

मित्रांनो, त्या चित्रपटाच्या एका पिसासाठी भांडणारी ती बाई भरसभेत त्याच चित्रपटाबद्दल धडधडीत खोटं बोलली! मग ती स्वतः पायऱ्या चढून वर आली आणि पायरीच्या कडेला बसली. थोरली तिच्या शेजारी बसली. दोघींनी पाय निळ्या गादीवर सोडले. गाणं पुन्हा सुरू झालं. भिंगबाई माझ्या जाळीजवळ तोंड आणून म्हणाली, "फार दुखतंय ना? बोलू नका. नियम आहे."

माझं अस्तर गालापाशी ओलं झालं. मला एरवी घाम आणि आसवं यांतला फरक कळत नाही. त्या दिवशी कळला.

साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून सगळ्या खेळांत उडी बंद केली. आता बुडबुड्या बसतो. मुलांची पत्रं येतात, उडी कुठे गेली म्हणून. कचेरीतून उत्तर जातं, मूळ चित्रपटात ती नाहीच. आजवर तिथल्या एकानेही चित्रपट लावून बघितलेला नाही. थोरलीच्या गुडघ्याची सूज हळूहळू उतरली आणि धाकटीला दुसऱ्या बेकरीत काम मिळालं.

माझा स्वभाव काही गेला नाही. भिंगबाईला गुडघ्याचं कसं कळलं? मागच्या दाराशी उभी असताना तिने थोरलीला लंगडताना पाहिलं का? तिला याबदल्यात काय हवंय? मी अजून वाट पाहतोय, तिने काही मागितलेलं नाही. दर रविवारी ती पहिल्या रांगेत असते, बिल्ल्यांची टोपी घालून, ओठांत गाणं घेऊन. पण शेवटचं कडवं आलं, बुडबुड्या तिसऱ्या पायरीवर बसला, की ती डोळे घट्ट मिटून घेते. चुकीचं तिला बघवत नाही.

मित्रांनो, माझी लोकर जुनी झालीय, शिवणी उसवतायत, तेव्हा मला जपा असं मी सांगणार नाही. मावशी आहे त्याला. तुम्ही फक्त मला मिठी मारायला धावत येऊ नका. हळू या. आत एक माणूस उभं असतं, आणि त्याला "आई गं" म्हणायची परवानगी नाही.