पाण्याखालचे पाच बांध

काठ. शून्य वाव पाणी.

पायरवाडीला शेतं आहेत, फक्त ती दिसत नाहीत. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा माणसं डोंगराच्या अंगाला वर सरकली, रानं खाली राहिली. नांगर धरणाऱ्या हातांनी होड्या केल्या, जाळी विणली. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. ज्याचं रान जिथं बुडालं, तिथंच त्याचं जाळं. दुसऱ्याच्या रानावर मासा उड्या मारत असला तरी हात लावायचा नाही.

पाण्यावर बांध कुठून आणणार? म्हणून घराघराची एक खूण ठरली. समोरच्या काठावर वाघजाईचं देऊळ. त्याचा कळस मागच्या डोंगरात ठरलेल्या जागी आला की होडीखाली आपलं रान. भाऊसोच्या घराला काळी शिळा, अर्जुनाच्या घराला घळ. कळस घळीत बसला की थांबायचं.

दुसरी रीत कडक होती. नारळी पौर्णिमेपासून महिनाभर ज्याचं पाणी मोकळं राहील ते शेजाऱ्यानं धरायचं. असं धरलेलं पाणी परत मिळाल्याचं वाडीत कुणाला आठवत नव्हतं.

यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अर्जुना मेढ्याकडून येताना मोटरसायकलवरून पडला. खांदा निखळला. डॉक्टरांनी तीन महिने वल्ह्याला हात लावू दिला नाही. घरात दुसरा पुरुष नव्हता, आणि वाडीत बायका पाटणच्या बाजारात मासे विकत, जाळं टाकत नसत. शेजारच्या पाण्याचा भाऊसो महिना संपायची वाट पाहत होता, आणि लपवतही नव्हता.

महिन्याचे चार दिवस उरले तेव्हा अर्जुनाच्या बायकोनं, सोनियानं, होडी सोडायला घेतली.

ती आटपाडीकडची, मेंढ्यांमागं वाढलेली. अर्जुनानं तिला बुडशील म्हणून बजावलं. तिनं कासोटा घट्ट केला. "आमच्याकडं नदी न्हाई, पण हिरी हायत. तळातली चिल्लर वर काढलीया मी."

नऊ वाव. नऊ वाव. नऊ वाव.

कळस घळीत बसला. सोनियानं जाळ्याआधी दोरीला बांधलेलं शिसं सोडलं. दोन्ही हात पसरून, एका पसरीला एक वाव धरत, दोरी मोजली तर नऊ वाव. होडी जुन्या नदीकडं वल्हवत नेली, पुन्हा सोडलं. नऊ. आणखी पुढं, तरी नऊच.

हे काही बरोबर नव्हतं. अर्जुनाची आत्या तानुबाई तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. सोनियाला लग्नानंतर तिनं सगळ्यात आधी काय दाखवलं असेल तर हनुवटीवरचा व्रण. आपल्या रानाला पाच बांध, एकेक पुरुषभर उंच, नदीपर्यंत उतरत गेलेले. तिसऱ्यावरून ती नऊ वर्षांची असताना पडली होती. मग खाली हे सपाट, पोळपाटासारखं कुणाचं रान होतं?

मेंढ्यांमागं चालणाऱ्या बाईच्या तळपायाला उतार कळतो. इथं तो दोरी धरलेल्या बोटांना कळला, म्हणजे नसलेला कळला. तिनं जाळं तसंच परत आणलं. बाई जाळं टाकायला गेली आणि पाणी मोजून आली, असं वाडीभर झालं. सोनियानं ते ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला बसली. तिला चूक कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण ती आपली नाही हे माहीत होतं.

नऊ वावांवरच, पण दोघी.

सकाळी तिनं आत्याबाईंना होडीत बसवलं. गुडघे गेल्यापासून बारा वर्षं म्हातारी पाण्यावर आली नव्हती. खुणेपाशी पोचल्यावर तिनं डोळ्यांवर हात धरला आणि बराच वेळ समोर पाहत राहिली.

"देऊळ हितं कसं?"

"नवं बांधलंय आत्याबाई. नऊ वर्सं झाली."

"नवं हाय ते दिसतंय गं. सरकलंय किती! जुनं त्या जांभळीला टेकून व्हतं."

सोनियानं पाहिलं. कळसापासून पन्नासेक पावलांवर जांभूळ उभी होती. जुन्या देवळाशी गाडी वळत नव्हती, म्हणून मुंबईच्या पोरांनी नवं देऊळ रस्त्याच्या टोकाला बांधलं होतं. जागा सगळ्या वाडीनं मिळून ठरवली, कलशारोहणाला सगळी वाडी जेवली. पुढच्या हंगामात सगळ्यांनी श्रद्धेनं कळसाकडं पाहून जाळी टाकली. सगळेच सारखे सरकले, त्यामुळं कुणाची होडी कुणाला घासली नाही.

सोनिया इतकी हसली की होडी डुलली. तानुबाईनं काठ धरून तिला शिवी दिली.

पाच. सहा. सात. आठ. नऊ.

जांभूळ घळीत बसेपर्यंत तिनं होडी आडवी नेली आणि ती नेमकी भाऊसोच्या जाळ्याच्या तरंगत्या बोयांमध्ये शिरली. शिसं सोडलं. पाच वाव. नदीकडं सरकून, सहा. मग सात. प्रत्येक पायरीला दोरी पुरुषभर जास्त जात होती, आणि म्हातारी एकेक बोट मिटत मोजत होती.

भाऊसो वल्हं मारत आलाच. दुसऱ्याच्या पाण्यात शिरणं ही या वाडीतली सगळ्यात मोठी चोरी, हे त्यानं लांबूनच सुनावलं. बाईच्या हातचं जाळं आपण जमेस धरतच नाही, हेही सांगितलं. सोनियानं दोरी त्याच्याकडं फेकली.

"मामा, तुमीच मोजा. तुमच्या रानात बांध किती व्हतं?"

"बांध? माझ्या बाच्या रानात एकबी न्हाई. मधी खडक तेवढा. लय फाळ मोडलं त्यानं."

"मग सोडा की शिसं."

त्यानं सोडलं. मोजलं. पुढं जाऊन मोजलं. तिसऱ्या खेपेला त्याचे हात पसरलेले तसेच राहिले. तानुबाईनं जांभळीकडं बोट केलं आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. भाऊसोनं देवळाकडं पाहिलं, जांभळीकडं पाहिलं, मग स्वतःच्या बोयांकडं.

"आयला," तो म्हणाला. "जाळं पयलं सारखं खडकाला फाटायचं. नऊ वर्सं एकदा न्हाई फाटलं. मला वाटलं, नव्या देवळाचा गुण. दर साली कोंबडं दिलं मी."

"आमच्या रानाचा गुण व्हता त्यो," तानुबाई म्हणाली. "कोंबडं आमाला द्यायचं रं."

भाऊसो हसला नाही. पण त्यानं आपलं जाळं ओढायला घेतलं, आणि ते पुरं निघेपर्यंत सोनिया वल्हं आडवं धरून थांबली. मग तिनं आपलं सोडलं. पहिल्या बांधापासून पाचव्यापर्यंत, पाण्याला हिसका न देता, एकसारखं.

दुपारपर्यंत बातमी काठावर पोचली. सगळ्यांनाच एकेक रान सरकायचं होतं. एकजण म्हणाला, राहू द्या, नऊ वर्षं चाललंय की. पण आपण शेजाऱ्याच्या रानात आहोत हे एकदा कळल्यावर पायरवाडीत कुणाला जेवण गेलं नसतं. होड्या निघाल्या. पुढं सोनिया होती, कारण शिसं तिच्याकडं होतं.

भाऊसोची होडी तिच्याशेजारी आली.

"आता माझं रान कुठं, तेबी तूच सांग."

"जांभूळ काळ्या शिळंवर धरा, मामा," सोनिया म्हणाली. "आन जाळं जरा जपून सोडा. मधी खडक हाय."