युलालीची शेवटची सफर

पाण्यात नसलेली नाव ही कसली नाव, असं तुम्ही म्हणाल, मित्रांनो, आणि मला ते मुकाट्याने ऐकून घ्यावं लागेल. मी कॅरियाकू बेटावर बांधलेली एक जुनी शिडाची नाव. आज मात्र एका हॉटेलच्या अंगणात कमरेपर्यंत वाळूत पुरून उभी आहे. माझ्या पोटात टेबलं मांडली आहेत. सुट्टीवर आलेली जोडपी संध्याकाळी तिथे बसून रंगीत सरबतं पितात आणि माझ्याबरोबर फोटो काढतात. मी इथे कशी आले हे त्यांना कोणी सांगत नाही. तुम्हाला मी सांगते.

माझा जन्म विंडवर्ड गावच्या किनाऱ्यावरचा. आमच्या गावात नाव बांधायला कागदावर चित्र काढत नाहीत. म्हातारा सेप्टिमस नजरेनेच माप घ्यायचा, डोंगरावर जाऊन वाकडी झाडं हुडकायचा आणि ज्या फांदीचा बाक मनासारखा असेल तिचीच फासळी करायचा. मला बांधायला दोन वर्षं लागली, कारण मध्येच माझ्या मालकाशी त्याचं बिनसलं आणि चार महिने दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मालक म्हणजे क्लेटस. तेव्हा तो तिशीचा होता, अंगाने दांडगा आणि बोलायला मोजका.

आमच्याकडे नावेचं बारसं होतं आणि तिला एक धर्मआई असते. नाव काय ठेवायचं हे मालक आणि रंगवणारा सोडून कोणालाच ठाऊक नसतं. माझ्या पाठच्या फळीवर अक्षरं रंगवून वर कापड बांधलं होतं आणि धर्मआई म्हणून ते ओढायचा मान क्लेटसच्या बायकोचा, इर्मिनचा होता. त्या सकाळी बकरा कापला, त्याचं रक्त माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, शिंपडलं, पाद्रीबाबांनी मंत्रलेलं पाणी शिंपडलं. रमही शिंपडायची होती, पण ती शिंपडण्यापेक्षा लोकांच्या घशाखालीच जास्त गेली. मग इर्मिनने कापड ओढलं. खाली लिहिलं होतं, युलाली.

युलाली म्हणजे तिची आई. ती आदल्या वर्षीच वारली होती. इर्मिनला रडावं की हसावं कळेना. तिने क्लेटसच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, “इतके दिवस पोटात दडवून ठेवलंस? तुझ्यापासून जपूनच राहायला हवं मला.” सगळा किनारा हसला. मीही हसले असेन, माझ्या फळ्या नव्या होत्या आणि मला कशाचीच भीती नव्हती.

सुरुवातीची वर्षं मी कांदे वाहिले, सिमेंट वाहिलं, शेळ्या वाहिल्या. शेळ्यांबद्दल मी काही बोलत नाही. मग बेटांवर पाहुणे वाढले आणि क्लेटसने मला पांढरा रंग दिला, गाद्या घातल्या आणि जोडप्यांना फिरवायला सुरुवात केली. बावीस वर्षं मी हेच काम केलं. नुकतं लग्न झालेली जोडपी आली, पन्नास वर्षं संसार केलेली आली, आणि एक जोडपं तर असं होतं की पहिल्या दिवशी भांडलं ते सातव्या दिवशी उतरेपर्यंत भांडत होतं. सगळ्यांचं काम एकच, माझ्या डेकवर आडवं पडायचं. इर्मिन खाली चुलीपाशी घामाघूम होऊन ओल्या तुरीचा भात, शंखाचं कालवण, तळलेल्या भाकऱ्या करायची. लोक कौतुक करायचे तिचं, आणि माझंही. क्लेटसला ती रोज एकदा तरी ऐकवायची की एक दिवस मी अशीच वर पडणार आहे आणि तू खाली भाकऱ्या तळणार आहेस, करपल्या तरी मी मुकाट खाईन. क्लेटस म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की.

बावीस वर्षं तो पुढच्या वर्षी म्हणत होता.

मग एका रविवारी, इर्मिन चर्चला गेलेली असताना, इस्त्रीचा सदरा घातलेला एक माणूस मोजपट्टी घेऊन आला. त्याने मला लांबीला मोजलं, रुंदीला मोजलं, खाली उतरून फासळ्यांवर टिचक्या मारल्या. डोलकाठी कापावी लागेल, म्हणाला. मला खड्ड्यात बसवून वाळू भरायची आणि टेबलं मांडायची, आणि हॉटेलचं जे नाव तेच माझं नाव. तेव्हा आधीचं नाव पुसूनच आणा, असं त्याने बजावलं. क्लेटसने मान डोलावली. त्याने एवढंच विचारलं की नाव पोचवायला मला सात दिवस मिळतील का. माझ्या पोटात उभा राहून तो माझा सौदा करत होता आणि त्याचा एक हात माझ्याच फळीवर होता.

त्या रात्री त्याने इर्मिनला सांगितलं की या वर्षी आपण सुट्टीवर जाऊ, दोघंच, सात दिवस.

ती माउली इतकी हरखली की सांगता सोय नाही. शेजारणींना सांगून आली. गाद्यांना नव्या खोळी शिवल्या, निळ्या, पांढऱ्या किनारीच्या. क्लेटस मला घासून रंग देत होता तर तीही ब्रश घेऊन आली. “सुट्टीला जायचं तर पोरीनेही नटायला नको का?” असं म्हणत तिने माझी एक बाजू स्वतः रंगवली. गिऱ्हाइकाला देण्यासाठी ती मला नटवत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पाठची फळी मात्र क्लेटसने तिला रंगवू दिली नाही. ती त्याने एकट्याने रंगवली आणि वर कापड बांधलं. अक्षरं ओली आहेत, हात लागेल, असं सांगितलं.

आम्ही निघालो. पहिल्या मुक्कामाला बंदरावर कागद दाखवायचे असतात. ते कायम इर्मिनच भरायची, कारण क्लेटसचं अक्षर पाहून कारकून कपाळाला हात लावायचे. या वेळी क्लेटस म्हणाला, तू सुट्टीवर आहेस, बस निवांत, मी जातो. ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही चार लहान बेटांच्या मधल्या उथळ पाण्यात नांगर टाकला. तिथे माणसं राहत नाहीत, कासवं राहतात. क्लेटसने खरोखर भाकऱ्या तळल्या आणि खरोखर करपवल्या. ती डेकवर पालथी पडून खात होती आणि खालच्या त्याला ओरडून सांगत होती, “अरे, तव्याला तरी शिल्लक ठेव थोडं.” तो खाली मान घालून तळत राहिला. दुपारी ती घोरत झोपली. बावीस वर्षांत मी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोहायला उतरली. पोहत पोहत मागे आली आणि तिला कापड दिसलं. तीन दिवस झाले, रंग कधीच वाळला असणार, नव्याने रंगवलेलं नाव कसं दिसतंय बघू या, असा तिचा साधा विचार. तिने दोरी सोडली. कापड पाण्यात पडलं. खाली पांढरी फळी होती. एक अक्षरही नव्हतं.

तिने फळीवरून हात फिरवला, जिथे तिच्या आईचं नाव होतं तिथून.

वर आल्यावर तिने आरडाओरडा केला नाही. टॉवेल गुंडाळून बसली आणि म्हणाली, “कोणाला दिलीस?”

क्लेटसने सगळं सांगितलं. हॉटेल, वाळू, टेबलं. गेल्या मोसमात मी खडकाला घासले होते ना, तो वाऱ्याचा दोष नव्हता, हेही सांगितलं. त्याला आता पाण्याखालचे खडक दिसत नाहीत. समोरचं पाणी हिरवं की खडकामुळे तपकिरी ते कळत नाही. एक दिवस परक्यांची पोरं बुडवीन मी, म्हणाला.

“आणि मला कधी सांगणार होतास?”

“सातव्या दिवशी. आधी तुला सुट्टी द्यायची होती. एकदा तरी.”

“बकऱ्यालाही आदल्या दिवशी पोटभर चारा घालतात, क्लेटस.”

तो हात चोळत बसला. मग इर्मिन जे बोलली ते मी आजही विसरले नाही. ती म्हणाली, “डोळे गेले एवढं सांगितलं असतंस तर सुकाणू मी धरलं असतं. बावीस वर्षं तुझ्या मागे उभी राहून मी काय बघत होते असं वाटलं तुला? प्रत्येक खडक पाठ आहे मला. तू विचारलंच नाहीस.”

“लोक हसले असते,” तो पुटपुटला.

“म्हणून मला हसं केलंस.”

मित्रांनो, केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मी त्या सकाळी पाहिलं. परत फिरू, असं तो दोनदा म्हणाला. इर्मिनने विचारलं की सह्या झाल्या का. झाल्या होत्या. बंदरावरच्या कागदातही मी परत येणार नाही असंच लिहिलेलं होतं, म्हणूनच तो एकटा गेला होता. जवळून एक कोळी चालला होता, त्याला तिने हात केला. आपलं बोचकं घेतलं, चुलीवरचं आईचं जाड बुडाचं पातेलं घेतलं आणि त्याच्या होडीत उतरली. खोळी तशाच राहिल्या. तिने क्लेटसकडे वळून पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

पुढच्या वाटेने क्लेटसने मला एकट्याने नेलं, अंधूक नजरेने, खडकांपासून मैलभर लांबून. हॉटेलच्या धक्क्याला लागलो तेव्हा त्याने दोर बांधला, किल्ल्या दिल्या आणि निघून गेला. माझ्या फळीवर हात ठेवायचीही त्याची छाती झाली नाही. दोन दिवसांनी माझी डोलकाठी कापली. तो आवाज कसा असतो ते मी तुम्हाला सांगणार नाही.

आता इथे काही दुखत नाही. पावसाळ्यात माणसं छप्पर घालतात, वाळवी लागू नये म्हणून तेल लावतात. मालकाच्या घरापेक्षा इथेच माझी जास्त काळजी घेतात, हे मी खोटं कशाला बोलू? गावाकडचा एक कोळी अधूनमधून हॉटेलला मासळी द्यायला येतो. तो सांगतो की दोघं एकाच घरात राहतात. इर्मिन क्लेटसला जेवायला वाढते, डोळ्यांत औषध घालते, हात धरून चर्चला नेते. बोलतेही. फक्त तो काही सांगू लागला की ती शेजारणीला विचारून खात्री करून घेते. भाव काय, हवा काय, आज वार कोणता, सगळं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मित्रांनो. जुनी वस्तू जड झाली तर देऊन टाका, विकून टाका, वाईट वाटून घेऊ नका. पण जिचा त्या वस्तूत जीव आहे तिला आधी सांगा. तिच्याच हातून ती वस्तू नटवून घेऊ नका. आणि एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर गप्प बसू नका.

हे शेवटचं मी क्लेटससाठी सांगत नाही. तो रविवार माझ्याच पोटात घडला होता. मला सगळं ठाऊक होतं. मला बोलता येत नाही हे खरं, पण जुन्या नावेला नाही म्हणता येतं. एक फट उघडायची, थोडं पाणी आत घ्यायचं. एवढ्याने आम्ही निघालोच नसतो, दुरुस्तीला गावातच थांबलो असतो आणि इर्मिनने कापडाखाली केव्हाच पाहिलं असतं. मी एक थेंब आत येऊ दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी ओझं न लादता फिरायला नेत होतं, आणि मला तिच्याबरोबर ते सात दिवस हवे होते.