तीन थरांचं चैत्रांगण

"झाकण उघडायचं नाय, सरू. आत काय चाललंय म्हणून डोकावलीस की केक रुसला. मग कितीबी विनव, फुगायचा नाय."

सारजाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ओव्हनपुढं बसलं की अंबिकेला तिचा आवाज अजून तसाच ऐकू यायचा. सारजाबाई पैठणकडची, अंबिकेच्याच गावची. शहराच्या छावणी भागातल्या एका बेकरीत तिचा जन्म गेला आणि म्हातारपणी गावच्या पोरीला ती आपली सगळी विद्या देऊन गेली. सरू हे अंबिकेचं माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'अंबिका' असं लिहिलं, त्यानंतर सरू म्हणणारी या शहरात सारजाबाई एकटीच होती.

खडकेश्वर भागातल्या सासरच्या घरात सकाळचे नऊ वाजले होते. अंबिका गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनपुढं पाटावर बसली होती आणि झाकणाच्या काचेतून केकचा तिसरा थर वर येताना बघत होती. राजगिऱ्याचं पीठ, शिंगाड्याचं पीठ, दही, तूप, साखर आणि चिमूटभर सोडा. मैदा नाही, रवा नाही. अंड्याचं तर या घरात नावसुद्धा निघत नसे. दुपारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आणि या केकचा एक घास तिच्या सासूबाई, यमुनाबाई, सगळ्यांदेखत खाणार होत्या.

त्या एका घासासाठी अंबिकेनं आठ वर्षं वाट पाहिली होती.

अंबिका शेतकऱ्याघरची, मराठ्याची. श्रीनिवासनं आपल्या मनानं लग्न केलं. यमुनाबाईंनी आदळआपट केली नाही, रडारड केली नाही. सुनेच्या हातचं खायचं नाही, एवढंच केलं, आणि तेही कधी तोंडानं म्हटलं नाही. सोमवारी म्हणायचं, आज सोमवार. गुरुवारी म्हणायचं, आज दत्ताचा. मग चतुर्थी, मग एकादशी, आणि उरल्या दिवशी, "मी सोवळ्यात आहे गं, ठेव तिकडं." पाणीसुद्धा त्या आपल्या तांब्यातलं प्यायच्या. सासरे निजामाच्या अमदानीतले कारकून. पोलीस ॲक्शननंतरही त्याच कचेरीत त्याच खुर्चीवर बसत राहिले. राज्य गेलं, पण घरातला तांब्याचा नियम राहिला.

चैत्रात तर विचारायलाच नको. गौर पाळण्यात बसली की अक्षय तृतीयेपर्यंत यमुनाबाई धान्याचा कण तोंडात घालत नसत. बावीस वर्षांचा नेम होता तो.

पाडव्याच्या दिवशी शेजारच्या द्वारकाबाई आल्या आणि बोलता बोलता फटकन म्हणाल्या, "काय हो यमुनाबाई, सगळी गल्ली तुमच्या धाकटीच्या हातचा केक खाते. तुम्हाला काय आवडतं तिच्या हातचं?"

यमुनाबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. "तिला उपासाचं काही येत असतं तर खाल्लं असतं. ते फुगलेलं मेलं आपल्याला चालत नाही."

"मी उपासाचा केक केला तर खाल, आई?" अंबिकेनं दारातनं विचारलं.

द्वारकाबाई टाळी वाजवून हसल्या. आता मागं फिरायला वाट नव्हती. यमुनाबाईंनी गौरीसाठी घासून ठेवलेल्या रिकाम्या पाळण्याकडं पाहिलं. "धान्याचा कण नसेल, तर खाईन. गौरीपुढं बसून खाईन. दिला शब्द."

"व्हय?" अंबिकेच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय नाही. हो," यमुनाबाई म्हणाल्या.

तिसरा थर खाली उतरला आणि वीज गेली. साखर मिक्सरमध्ये दळायची राहिली होती. वरच्या थराला पांढरंशुभ्र आयसिंग हवं होतं, आणि पाट्यावर वाटलेली साखर कचकच लागते. अंबिका कपाळाला हात लावून बसली, तेवढ्यात मोठी जाऊ आत आली. वच्छलावहिनी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. घरात त्या मोठ्यानं कधी बोलत नसत. त्यांचं बोलणं ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं असायचं.

"वीज काही चारशिवाय येत नाही," असं म्हणत त्यांनी पदराखालून एक डबा काढला. "हे घे. कालच गुलमंडीच्या बाजारातून आणलंय. तयार आयसिंगची साखर आहे, मैद्यासारखी मऊ."

अंबिकेनं डबा दोन्ही हातांनी घेतला. आठ वर्षांत जावेनं तिला मीठसुद्धा आपणहून दिलं नव्हतं. "वहिनी, नुसती साखरच आहे ना?"

"साखरेच्या डब्यात साखरच असणार की," वच्छलावहिनी म्हणाल्या आणि अंघोळीला गेल्या.

मग अंबिकेचे हात चालू लागले. एकावर एक तीन थर, मध्ये केशर आंब्याचा आटवलेला रस आणि घोटलेली साय. वर साखर, दूध नि लिंबाच्या दोन थेंबांचं आयसिंग सुरीनं असं फिरवलं की केक नुकत्याच सारवून वाळलेल्या अंगणासारखा गुळगुळीत झाला. त्यावर तिनं चैत्रांगण काढायला घेतलं. बायका चैत्रात गौरीपुढं रांगोळीनं काढतात तेच, पण बटरपेपरच्या पुंगळीतून, केशरी आयसिंगनं. मधे पाळण्यातली गौर, तिच्या दोन्ही बाजूंना शंख आणि चक्र, मग गोपद्म, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती, चंद्र, सूर्य. कासवाची शेपटी वाकडी झाली, तीही तिनं पुसून पुन्हा काढली. काम संपलं तेव्हा तीन वाजून गेले होते आणि तिची मान भरून आली होती.

आवरताना तिनं रिकामा डबा उचलला. इंग्रजी तिचं दहावीपुरतं, तेही अक्षर लावून लावून. डब्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत शुगर होतं, आणि पुढं मेझ स्टार्च. मेज? मेज म्हणजे टेबल. टेबलाचं साखरेत काय काम? स्टार्च मात्र तिला ठाऊक होतं. परीट सुती साड्यांना घालतो ती खळ. खळ पिठाची असते.

डबा हातात घेऊनच ती बाहेर आली. वच्छलावहिनी ओटीचे हरभरे निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, मेझ म्हणजे काय हो?"

वच्छलावहिनींनी मान वर केली नाही. "मका."

"मका म्हणजे…"

"धान्यच की. का गं?" आता त्यांनी पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. "बघ बाई. सांगितलंस तर हसं तुझं, नाही सांगितलंस तर पाप तुझं. मी आपली साखर दिली. मी चौदा वर्षं या घरात पोळ्या लाटतेय, माझ्या पोळीला कधी कुणी टाळी वाजवली नाही."

"माझं काय चुकलं, वहिनी?"

"काही नाही. हरभऱ्यात खडे फार आहेत या वेळी."

चार वाजता बायका आल्या. पन्हं फिरलं, आंबेडाळ फिरली, अत्तर लागलं. केक गौरीपुढं ठेवल्यावर खोलीत कुजबूज झाली, मग कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, हे चैत्रांगण खायचं?" अंबिका भिंतीला टेकून उभी होती. वरचं आयसिंग खरवडून काढावं तर आता वेळ गेली होती, आणि आयसिंगचं पाणी थरात केव्हाच मुरलं होतं.

द्वारकाबाईंनी स्वतः तुकडा कापला. "चला यमुनाबाई! शब्द दिलाय. आम्ही सगळ्या साक्षी."

यमुनाबाई पाटावर बसल्या. कडू औषध घेताना बसतात तशा, ताठ. तुकडा तळहातावर घेऊन त्यांनी गौरीला हात जोडले. आंब्याचा रस त्यांच्या मनगटावर ओघळला.

कुणाला कळणार होतं? जाऊ बोलली नसती. बोलली असती तर डबा कुणाचा हेही निघालं असतं. घास पोटात गेला असता आणि आठ वर्षांची भिंत पडली असती. उद्यापासून कदाचित पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हातचा चालला असता. अंबिकेनं डोळे मिटून घेतले. आपला नेम मोडला तर आपण देवाच्या पाया पडून मोकळे होतो. दुसऱ्याचा नेम आपल्या हातून मोडला तर पाया कुणाच्या पडायचं?

"आई, थांबा! खाऊ नका." तिचं शहरातलं बोलणं कुठल्या कुठं गेलं. "ह्येच्यात मका हाय."



यमुनाबाईंनी तुकडा ताटात ठेवला. एक एक बोट पुसलं. "म्हणजे बावीस वर्षांचा नेम तू आज बुडवणार होतीस."

"नाही आई. मला करून झाल्यावर कळलं."

"झाल्यावर? करताना डोळे कुठं होते?"

"जाऊ द्या हो आई," वच्छलावहिनी मऊ आवाजात म्हणाल्या. "तिला इंग्रजी कुठं येतं? खेड्यातली पोर."

"साखर कुणी आणली पण?" द्वारकाबाईंनी विचारलं.

अंबिका जावेकडं पाहत राहिली. वच्छलावहिनींच्या हातातली कुंकवाची कोयरी जागेवरच थांबली होती.

"घातली मी," अंबिका म्हणाली.

"उगीच नाही मी म्हणत," यमुनाबाई उठल्या, "प्रत्येकाच्या हाताला एक वळण असतं. ते काही लग्न करून बदलत नाही." आणि बायकांसमोरच त्या हात धुवायला निघून गेल्या. कोपरापर्यंत धुतले, साबणानं, दोनदा.

"गौरीला काही उपास नाही बाई, आणि मलाही नाही," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हत्तीचा तुकडा उचलला. पाच मिनिटांत चैत्रांगण संपलं. जाताना तीन-चार जणींनी कृती विचारली. अंबिकेनं सांगितली, पण काय सांगितलं ते तिलाच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवास म्हणाला, "आता सोड हा नाद." वच्छलावहिनी शाळेत गेल्या. अंबिका भांडी घासत होती, तेव्हा मागं काठीचा आवाज आला. यमुनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात तो रिकामा डबा होता, कचऱ्यातून काढून धुतलेला.

"यावर गुलमंडीच्या दुकानाचा शिक्का आहे. तू महिनाभरात गुलमंडीला गेलेली नाहीस."

अंबिका हातातलं ताट घासत राहिली.

"काल तोंड शिवलं होतं का तुझं?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं नसतं."

यमुनाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "नसतंच वाटलं," त्या म्हणाल्या. "आजही तू मला आवडतेस अशातला भाग नाही. तेवढं लक्षात ठेव."

"हो, आई."

"मोठीशी मी बोलेन काय बोलायचं ते. तू मधे पडू नकोस." त्या वळल्या. अंबिकेला वाटलं, गेल्या. पण देवघरात फळीवरचा डबा निघाल्याचा आवाज आला, मग पाट सरकल्याचा. ती हात पुसत दारापर्यंत गेली.

यमुनाबाई धुतलेलं फडकं अंथरून बसल्या होत्या. पुढ्यात पितळी खल होता आणि मांडीशी खडीसाखर.

"गौर उठायला अजून नऊ दिवस आहेत," त्या वर न पाहता म्हणाल्या. "साखर मी कुटते, वस्त्रगाळ करते. तुझी पिठं आण, माझ्यासमोर चाळ. आणि ते तीन थरांचं सोंग नको. एकच पुरे."

"एका थरावर चैत्रांगण मावायचं नाही, आई."

यमुनाबाईंनी पदर खोचला, मूठभर खडीसाखर खलात टाकली आणि बत्ता उचलला.