नट धरायला जावई

सासूबाईंची बोट त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठी होती आणि लाडही बोटीचेच जास्त झाले होते. बसमध्ये कंडक्टर म्हणून उभं आयुष्य काढलेल्या या बाई निवृत्त झाल्यापासून रोज मासे धरायला जायच्या. सासऱ्यांना बोट लागायची, म्हणून ते धक्क्यावरच खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे.

गेल्या रविवारी जावई पहिल्यांदाच बोटीवर आला. आत उतरताना त्याचा तोल गेला आणि हाताला लागलं ते त्याने धरलं. तो निघाला रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी खोचून ठेवायची नळी. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं ते प्लास्टिक कटकन तुटलं. जावई पलीकडे कलंडला आणि त्याने दुसऱ्या कडेचा होल्डर धरला. तोही हातात आला. दोन हातांत दोन नळ्या घेऊन तो बोटीच्या तळाशी बसला.

"लागलं नाही ना?" एवढंच सासूबाईंनी विचारलं.

घरी गेल्यावर बायको म्हणाली, "आई आणखी काहीच बोलली नाही? मग तू मेलास."

पुढच्या सुट्टीला जावई स्टीलचे दोन नवे होल्डर घेऊन हजर झाला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. आजवर त्याने पिळलेला सगळ्यात मोठा स्क्रू चष्म्याच्या काडीचा. अंगात मात्र आठवणीने सासूबाईंनी विणलेला स्वेटर घातला होता.

"स्क्रू मी वरून पिळते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही खालून नट धरा, जावईबापू."

नट धरायला बोटीच्या बाजूला आतून एक गोल भोक होतं. त्यातून खांद्यापर्यंत हात घातल्यावर कुठे बोटं नटाला लागली. जावई गुडघ्यांवर बसून, गाल फळीला चिकटवून अंधारात चाचपत राहिला. सासूबाईंनी पहिल्या होल्डरखाली पाणी अडवणारं चिकट सिलिकॉन भरलं आणि चारही स्क्रू असे आवळले की बोट कुरकुरली.

"झालं. काढा हात."

हात निघेना. जाताना गुळगुळीत गेलेली बाही येताना कोपराशी गोळा होऊन बुचासारखी बसली होती. ओढून झालं, फिरवून झालं. स्वेटर डोक्यावरून काढायच्या नादात जावयाचा चष्मा पाण्यात जाता जाता वाचला.

"बाही कापून टाका की," धक्क्यावरून सासरे म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. जावई घाईघाईने म्हणाला, "नको नको, मला तसा काही त्रास नाही."

सासरे पेपर खाली ठेवून घरून तेल आणायला निघाले. ते गेले आणि खाडीच्या तोंडाशी पक्ष्यांची झुंबड उडाली. खाली माशांचा थवा आला होता. सासूबाईंची चुळबुळ सुरू झाली.

"यांना यायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "नाहीतरी तुम्ही बसूनच आहात. जरा तिथपर्यंत जाऊन येऊ."

जावई काही बोलायच्या आत इंजिन सुरू झालंसुद्धा.

तिथे पोचल्यावर त्यांनी एक काठी स्वतः घेतली. दुसरी नव्या होल्डरमध्ये खोचणार तोच सिलिकॉन अजून ओलं असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांची नजर जावयावर गेली.

"तुमचा डावा हात मोकळाच आहे ना?"

तर अशा रीतीने एक हात बोटीत आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन जावई बसला. मासा लागला तो नेमका त्याच्याच काठीला. काठी धनुष्यासारखी वाकली.

"अरे धर! धर ना, बावळटा!" सासूबाई ओरडल्या.

"धरलंय! आई, तू ते जाळं आण आधी!"

लग्न झाल्यापासून दोघांचं अहो-जाहो कधी सुटलं नव्हतं. ते सुटल्याचं आत्ता कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माशाने हिसका दिला, जावयाने सगळं अंग मागे टाकलं आणि स्वेटर खांद्याच्या शिवणीत टर्रकन उसवला. हात बाहेर, बाही आत. त्याने दोन्ही हातांनी काठी धरली, सासूबाईंनी जाळं खाली घातलं आणि हातभर लांबीचा मासा फडफडत बोटीत पडला.

मग दोघांनी बाहीकडे पाहिलं.

"आई, मी..."

"घट्टच झाली होती मेली," सासूबाई म्हणाल्या. "माप न घेता विणली."

धक्क्यावर सासरे तेलाची बाटली घेऊन रिकाम्या पाण्याकडे बघत उभे होते. बोट कुणी नेली का, असं ते तिथल्या दोघा-तिघांना विचारून आले होते.

दुसरा होल्डर त्याच दुपारी बसवला. या वेळी सासूबाईंनी बाह्या दुमडून भोकात हात घातला आणि स्क्रू जावयाच्या हवाली केले. "सावकाश पिळ रे," त्या खालून सांगत होत्या. काम संपल्यावर होल्डर किंचित तिरका बसल्याचं दोघांनाही दिसलं. सासूबाईंनी त्यात चटकन काठी खोचली आणि जावयाने विषय बदलला.